तराजू आणि लगाम

आकुर्डीत राहणाऱ्या माणसाकडे बातमी दोन वाटांनी येते. एक वाट इथली. नळाला पाणी कधी येणार, शिफ्ट बदलली का, कोणत्या ठेकेदाराकडे भरती निघाली, ही त्या वाटेवरची बातमी. दुसरी गावाकडची, तिच्यात पाऊस, सोयरिकी, भांडणं आणि मयत. पिंपरी-चिंचवड हे शहर वसवलं ते बाहेरून आलेल्यांनीच. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, आकुर्डीत बजाजची स्कूटर आली, टेल्को आली, आणि पुढे चाकणपर्यंत मोटारींची सगळी साखळी पसरली. तिच्यामागोमाग सोलापूर, बीड, लातूर, खानदेश, विदर्भ आणि आणखी दूर उत्तरेकडची माणसं इथल्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत आली. गावाशी त्यांना बांधून ठेवणारं आता पत्र नाही, मोबाईलमधला ग्रुप आहे. समाजमाध्यमांवरच्या खोट्या मजकुराला सरकारने आळा घालावा का, हा प्रश्न अशा शहरात पुस्तकी राहत नाही. ज्या ग्रुपवर आजीच्या तब्येतीची खबर येते, त्याच ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओही येतो, आणि दोन्ही पाठवणारा मामाच असतो.

या विषयाची महाराष्ट्रातली सर्वांत जड घटना म्हणजे राईनपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या रविवारी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात काही दिवस फिरत होते, आणि बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसले एवढं निमित्त पुरलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारण्यात आलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सोलापूरकडचा आणि खानदेशचा माणूस एकाच लाईनवर उभा असतो. त्या रविवारनंतर दोघांच्या मोबाईलवर एकाच घटनेच्या किती वेगळ्या गोष्टी आल्या असतील, याची कल्पना करणं अवघड नाही.

अफवा नवी नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. मुलं पळवणाऱ्यांची भीती मोबाईलच्या कितीतरी आधीची. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली, तेव्हा कोणाच्या खिशात इंटरनेट नव्हतं. मग बदललं काय? दोन गोष्टी. पहिली, पाठवण्याचा खर्च संपला. एका बोटाने शेकडो घरांत शिरता येऊ लागलं. दुसरी अधिक घातक: बातमीचं मूळ पुसलं गेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवला होता. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, पाठोपाठ पाटी येते की मुलांकडे लक्ष ठेवा. तो शेवट कापला गेला. राहिलं ते निव्वळ अपहरण, आणि ते आपल्याच शेजारच्या तालुक्यातलं म्हणून दाखवलं गेलं. पारावर कोणी अशी बातमी सांगितली, तर ऐकणारा निदान विचारतो, ‘तुला कोण म्हणालं?’ फॉरवर्ड झालेल्या संदेशाला हा प्रश्न विचारताच येत नव्हता, कारण तो फॉरवर्ड झाला आहे हेसुद्धा त्यावर लिहिलेलं नसे.

राईनपाड्यानंतर केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअ‍ॅपला पत्र पाठवलं, जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दिसण्याची सोय केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, खूप वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला, आणि त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचाच आहे, तेव्हा तो जरा सावधपणेच घ्यावा. या उपायात पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सरकारने कोणता संदेश खरा आणि कोणता खोटा हे ठरवलं नाही. मजकूर कोणी उघडून पाहिला नाही. यंत्राचा वेग तेवढा कमी केला गेला. खरा संदेश अडला नाही, खोटाही अडला नाही, दोघांनाही चालत जावं लागलं, आणि पायी निघाल्यावर खोट्याची दमछाक आधी होते. सरकारच्या दट्ट्याशिवाय कंपनीने हे केलं असतं का? आधीच्या कित्येक महिन्यांत माणसं मारली जात असताना केलं नव्हतं, एवढं तर दिसतंच.

सरकारने नियमन करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर या उदाहरणातच आहे. करावं, पण वेगाचं, यंत्राचं, कंपन्यांच्या जबाबदारीचं. खऱ्याखोट्याचा तराजू मात्र सरकारने हातात घेऊ नये. लगाम एका हाती आणि तराजू दुसऱ्या हाती, असं दोन्ही त्याच्याकडे गेलं की काय होतं, हे केसरीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतच पाहायला मिळतं.

केसरी सुरू झाला तो जानेवारी १८८१ मध्ये. वर्ष उलटतं न उलटतं तोच त्याच्या आणि ‘मराठा’ या वृत्तपत्राच्या चालकांवर अब्रुनुकसानीचा खटला आला. कोल्हापूरच्या गादीवरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं या वृत्तपत्रांनी छापलं होतं. पुराव्यादाखल पत्रं मिळाली होती. ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिलं. आजच्या भाषेत बोलायचं, तर हा फेक न्यूजचा सिद्ध झालेला गुन्हा होता. पुरावा खोटा, बातमी छापलेली, माफी मागितलेली. पण गोष्ट तिथे थांबत नाही. दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १८८३ मध्ये, ते तरुण छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर देखरेखीला ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. पत्रं खोटी होती, काळजी खोटी नव्हती. त्या वेळी कोल्हापूर दरबाराला ‘सत्यता तपासणी कक्ष’ काढायची मुभा असती, तर त्याने केसरीवर लाल शिक्का मारला असता आणि शिक्का अक्षरशः बरोबर ठरला असता. मूळ प्रश्न मात्र त्या शिक्क्याखाली कायमचा गाडला गेला असता.

मी ‘कक्ष’ हा शब्द मुद्दाम वापरला. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून नेमकी हीच सोय केली होती. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणताही मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे असं सरकारच्या कक्षाने म्हटलं, की तो ठेवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण धोक्यात यायचं. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठाचं मत दुभंगलं. न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती अवैध ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध. २० मार्चला सरकारने पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) कक्षाची अधिसूचना काढली, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि दुरुस्ती रद्द झाली. समता, अभिव्यक्ती आणि व्यवसाय या तिन्ही स्वातंत्र्यांना ती बाधक ठरते आणि तिच्यातले शब्द अतिशय मोघम आहेत, हा त्या निकालाचा गाभा. न्या. पटेल यांनी दाखवलेली एक विसंगती सामान्य वाचकाला पटकन कळेल: कागदावर छापलेला मजकूर या कक्षाच्या कक्षेबाहेर, आणि तोच मजकूर पडद्यावर आला की आत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप दुसऱ्या बाजूच्या निकालपत्रातूनच येतो. सरकारच्या कारभाराची अधिकृत माहिती सरकारकडेच असणार, मग ती खरी की खोटी हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. रेशनचा कोटा बदलला का, लसीकरण थांबलं का, कोणती नोट चालते, हे खात्यानेच सांगावं. पण सांगणं वेगळं आणि काढून टाकायला लावणं वेगळं. पीआयबीचा तपासणी विभाग २०१९ पासून खुलासे करतोच आहे, त्याला कोणी रोखलेलं नाही. न्यायालयाने सरकारची जीभ कापली नाही, दुसऱ्याच्या तोंडावर ठेवलेला हात काढला. खुलाशाची ताकद महाराष्ट्राने पाहिलीही आहे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ, अशाच चोरांच्या अफवांच्या दिवसांत, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. मग त्या हत्येला धार्मिक रंग देणारी दुसरी लाट समाजमाध्यमांवर उठली. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. हल्लेखोर दुसऱ्या धर्माचे होते, या दाव्याचा कणा त्या यादीनेच मोडला. मेलेली माणसं परत आली नाहीत हे खरं, पण पुढची होळी टळली.

मग दुसरा आक्षेप येतो: नवे नियम कशाला, जुना फौजदारी कायदा आहेच. अफवा पसरवणं भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५ खाली गुन्हा होता, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये आहे. या मार्गाची अडचण अशी, की पोलिसांचा हात जिथे सहज पोहोचतो तिथेच पडतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या आणि त्यांना नुसतं लाईक करणाऱ्या दोन तरुणींना पालघरमध्ये अटक झाली. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त मत होतं. त्यासाठी वापरलेलं माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्याच पालघरने पुढे गडचिंचले पाहिलं. बिनधोक दोन ओळींपर्यंत कायदा काही तासांत गेला, जीवघेण्या अफवेपर्यंत वेळेत जाऊ शकला नाही. मे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कलम १४४ खाली काढलेला आदेश असाच. खोटी माहिती रोखायला निघाला आणि करोनाच्या कामातल्या सरकारी यंत्रणेविषयी अविश्वास निर्माण करणारा मजकूरही त्याने त्याच झोळीत टाकला. अविश्वास हा गुन्हा झाला, तर रुग्णालयात खाट मिळाली नाही असं लिहिणाराही गुन्हेगार. शिवाय या कलमांखाली सापडतो तो साखळीतला शेवटचा माणूस, चाळीतल्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असं स्पष्ट केलं, ते बरं झालं. तो मजकूर लाखोंपर्यंत नेणारं यंत्र ज्याचं, त्याचं नाव मात्र फिर्यादीत क्वचितच येतं.

इंटरनेट बंद करण्याचा तिसरा मार्ग या पट्ट्याला चांगला ठाऊक आहे. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला हिंसाचार झाला, बस आणि इतर गाड्या जळाल्या. ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी खेडसह पुणे जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. यालाही नियमन म्हणता येईल, पण ते ताप उतरवायला रोग्याचा श्वास कोंडण्यासारखं आहे. इंटरनेट गेलं की अफवेबरोबर तिचा खुलासाही जातो, आणि तोंडी अफवेला मैदान मोकळं मिळतं. ठेकेदाराचा माणूस उद्या कामावर यायचं की नाही हे ग्रुपवरच पाहतो, त्याचा दिवस बुडतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी प्रसंगाच्या प्रमाणात असली पाहिजे, असं बजावलं. प्रसिद्धीची ही अट मला प्रमाणाच्या अटीइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची वाटते, आणि ती सगळ्याच आदेशांना लागू व्हावी. संकेतस्थळं आणि खाती रोखण्याच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे. ज्याचा मजकूर गेला त्यालाच तो का गेला हे अनेकदा कळत नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी थेट कंपन्यांना मजकूर हटवायला सांगण्यासाठी उभारलेल्या सहयोग पोर्टलविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. परदेशी कंपनीने इथला कायदा पाळावा, यात वाद नाही. पण तो आदेश नागरिकाला वाचता येऊ नये, याचं समर्थन कंपनीच्या परदेशी असण्यातून निघत नाही.

बाहेरची उदाहरणं घ्यायची तर दोन टोकांची घ्यावीत. सिंगापूरने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात मंत्रीच एखादं विधान खोटं ठरवून दुरुस्तीचा आदेश देतो, न्यायालयाचं दार नंतर. कोल्हापूरच्या दिवाणाला तो कायदा फार आवडला असता. युरोपीय संघाचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा वेगळ्या वाटेने जातो. साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या मंचाने आपल्या यंत्रामुळे समाजाला कोणते धोके आहेत ते स्वतः मोजावेत, ते कमी करावेत, बाहेरच्या लेखापरीक्षकाला आणि संशोधकाला आत डोकावू द्यावं. कारखान्याच्या भाषेत सांगायचं, तर पहिला कायदा मालाचा प्रत्येक नग मंत्र्याच्या टेबलावर तपासतो, दुसरा यंत्राला गार्ड लावला का आणि अपघाताची नोंदवही ठेवली का हे पाहतो. आकुर्डी-चाकणच्या कामगाराला दुसऱ्या प्रकारचं नियमन परकं नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर बोट तुटण्यापूर्वी गार्ड मागतो, आणि त्याबद्दल कोणी त्याच्यावर उत्पादनाचं स्वातंत्र्य हिरावल्याचा आरोप करत नाही.

भारतात हे करायचं तर एक गोष्ट जोडावी लागेल. मराठीत, अहिराणीत, पावरीत फिरणारा आवाजी संदेश तक्रारीनंतर ऐकणारा आणि समजणारा माणूस कंपनीकडे आहे का, किती आहेत, किती तासांत ऐकतात, हे आकडे जाहीर करायला लावणं सरकारच्या अधिकारात आहे आणि त्याने कोणाचंही बोलणं दाबलं जात नाही. २०१८ चा उपाय आज जसाच्या तसा पुरणारही नाही. तेव्हा फॉरवर्डचं बटण माणूस दाबत होता. आता छोटे व्हिडिओ कोणाला दाखवायचे हे कंपनीचं यंत्र ठरवतं, पाहणाऱ्याने कोणाला काही पाठवलेलं नसतं. ज्या मजकुरावर लोक जास्त रेंगाळतात तो यंत्र आणखी पुढे ढकलतं, आणि भीतीवर माणूस रेंगाळतोच. जे यंत्र स्वतःहून मजकूर वाढून देतं, त्याच्या मालकाला ‘मी फक्त पोस्टमन’ असं म्हणता येऊ नये.

वेगाला आळा घालण्यावरचा आक्षेपही टाळता येत नाही: पुराचा इशारा, रक्ताची गरज, हरवलेलं मूल, हेही हळू जाईल. जाईल. ही किंमत आहे आणि ती सगळ्यांना सारखी पडते, हेच तिच्या बाजूचं म्हणणं. एका पक्षाचा संदेश धीमा आणि दुसऱ्याचा जोरात, असं त्यात होत नाही. मूळ पाठवणारा शोधता आला पाहिजे, ही २०२१ च्या नियमांतली मागणी मात्र या चौकटीत बसत नाही. एका अफवेचा उगम शोधण्यासाठी सगळ्यांच्या खासगी बोलण्याची कडी काढावी लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. कंपनीचा हेतू धंद्याचा असेल. मुद्दा तरीही बरोबर आहे, कारण कराचीच्या व्हिडिओचा शेवट कापणारा सापडला असता तरी राईनपाड्यातल्या हातांना त्याने काठ्या दिल्या नव्हत्या.

राईनपाड्याच्याच दिवशी, १ जुलै २०१८ ला, मालेगावातही जमावाने एका लहान मुलासह पाच जणांना मुलं पळवणारे समजून घेरलं होतं. तिथे पोलीस वेळेत पोहोचले आणि पाचही जण वाचले. मंचांचं नियमन करणारा सर्वांत चांगला कायदासुद्धा एकाच रविवारच्या या दोन घटनांमधला फरक पुरा भरून काढणार नाही. अफवा डवरी गोसाव्यांवर पडली, कारण त्यांच्याविषयीचा संशय तिच्या आधीपासून गावात मुक्कामाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या समाजांवर मारलेला शिक्का स्वातंत्र्यानंतर कागदावरून निघाला, बाजारातल्या नजरेतून निघाला नाही. त्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांकडेही अधिकृत माहिती होती. ती सरकारी होती, छापील होती, आणि तिला खोटं म्हणण्याचा अधिकार त्या काळी कोणत्याही कक्षाला नव्हता.

आकुर्डी